आमचे टेक्नोवाले घरमालक

जगातल्या कुठल्याही यंत्राला आपलं दुखणं आमच्या घरमालकांपासून लपवता आलेलं नाही. चेन्नईजवळच्या आवडी गावातल्या एका कारखान्यात त्यांनी चौतीस वर्षं रणगाड्यांची इंजिनं ऐकली. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटायचे. मग ते "तीन नंबर" एवढंच म्हणत, आणि उघडून पाहिलं की खोट तिसऱ्या सिलिंडरमध्येच निघे. निवृत्त झाल्यावर ऐकायला इंजिन उरलं नाही, म्हणून ते टेक्नो करू लागले.

टेक्नो म्हणजे कंप्युटरवर बनवलेलं, ठोक्यावर चालणारं नाचाचं संगीत, हे मलाही इथे येईपर्यंत माहीत नव्हतं. आमच्या गावात बाजारसमितीच्या हमालांच्या घरांत भजन आणि बँड एवढंच संगीत पोहोचलं होतं. मी त्या वस्तीतला पहिला पदवीधर. परीक्षा देऊन केंद्र सरकारच्या कचेरीत कारकून म्हणून आवडीला आलो, तर लग्न न झालेल्या मुलाला कोणी खोली देईना. एका गेटबाहेर उभा राहून मी आईशी फोनवर रडवेल्या आवाजात बोलत होतो. ते मराठी ऐकून आतून हे गृहस्थ आले आणि म्हणाले, "आंत ये, कण्णा. आधीं कॉफी घे. मग रड." त्यांचं घराणं तंजावरकडचं. तिथलं जुनं मराठी त्यांच्या तोंडी जसंच्या तसं राहिलेलं, आणि त्यात 'कण्णा'सारखं लाडाचं तमिळ विरघळलेलं. माझ्या मोडक्या तमिळपेक्षा ते मला थोडंसंच सोपं गेलं. पुढे मी तापाने पडलो तेव्हा त्यांच्या बायकोने, म्हणजे काकूंनी, पंधरा दिवस माझ्या गच्चीवरच्या खोलीत रसम-भात पोहोचवला. हे सांगतो, कारण पुढे मी जो अपराध केला तो या रसमापोटीच केला.

मुलीने अमेरिकेला जाताना मागे ठेवलेल्या लॅपटॉपवर काका दुपारी चार वाजता, कॉफीनंतर, बसत. दम, दम, दम, दम असा ठोका सहा-सात मिनिटं न थांबता चाले आणि त्यावर हळूहळू एकेक आवाज चढे. काकू दारात बसून ऐकत. एकदा त्या मला म्हणाल्या, "सहा मिनिटें झालीं रे. गाणें सुरू होईल म्हणून बसलें अहे." काका मान न वळवता म्हणाले, "इंजिन सुरू झालें कीं तेंच गाणें." ठोका पास झाला की नाही हे ठरवायची त्यांची पद्धतही कारखान्याचीच होती. काकू इडलीचं पीठ वाटायला ग्राइंडर लावत, तेव्हा काका स्पीकरला स्क्रूड्रायव्हर लावून डोळे मिटून उभे राहत. ग्राइंडरच्या घरघरीतूनही ठोका स्वच्छ आला तर पास.

ही गाणी युरोपातली एक छोटी कंपनी इंटरनेटवर प्रसिद्ध करायची. कलाकाराचं नाव म्हणून काकांनी आपला कारखान्यातला टोकन नंबर दिला होता. नुसता आकडा पाहून कंपनीच्या पोरसवदा मालकाला हा कोणी गूढ, पंचविशीतला तरुण वाटला. तो 'हे ब्रो' म्हणून ईमेल लिही. काका 'आदरणीय महोदय, आपल्या पत्रास अनुसरून' असं क्रमांकवार मुद्द्यांचं उत्तर पाठवत. त्या मुलाने ही त्यांची कलात्मक शैली समजून तिचं फार कौतुक केलं. कंपनीची गाणी शुक्रवारी येत आणि शुक्रवारी साडेदहा ते बारा आमच्याकडे राहुकाळ; ही अशुभ वेळ सूर्योदयावरून ठरते. काकांनी पहिल्याच पत्रात विचारलं, "आपणांकडे सूर्योदय किती वाजतां होतो?" तेव्हापासून त्यांची गाणी दोन्ही देशांतला राहुकाळ टाळून येऊ लागली.

दर गाणं आधी मला ऐकवलं जाई. गेल्या पोंगलनंतर, म्हणजे जानेवारीपासून, मात्र त्यांत काहीतरी बिघडू लागलं. ठोक्याच्या वर झांजेसारखा एक बारीक चिक्-चिक् आवाज असतो, त्याला हायहॅट म्हणतात. तो दर आठवड्याला वाढू लागला. स्टीलच्या ताटावर सुई ओढावी तसा तो कानात जाई. काका विचारत, "वरचा आवाज दबला अहे का रे? आणखी उचलूं?" ज्या माणसाने चौतीस वर्षं कानांच्या जोरावर मान मिळवला, त्याला मी काय सांगणार? "छान आहे, काका," मी म्हणायचो.

एप्रिलमध्ये कंपनीने गाणं परत पाठवलं. तीन महिन्यांच्या मेहनतीचं हे गाणं त्यांचं सगळ्यात मोठं व्हायचं होतं. मुलाने फार अदबीने लिहिलं होतं, की फाइल बहुधा खराब झाली आहे, वरचे आवाज सहन होत नाहीत, कृपया तपासावी. काकांनी फाइल तपासली. ती ठीक होती. मग ते जिना चढून वर आले.

"तुला ऐकूं येत होतें?"

"हो."

"केव्हांपासून?"

"पोंगलपासून."

ते वळून जिन्याच्या पायरीपर्यंत गेले. मग म्हणाले, "तुला इन्स्पेक्शनला ठेवला असता तर फौजेचीं पोरें रणगाडा घेऊन वाळवंटांत बंद पडलीं असतीं." आवाज चढवला नाही, म्हणून मला ते जास्त लागलं.

त्यानंतर तीन आठवडे चार वाजता खालून काहीच आलं नाही. मला वाटलं, हे आता संपलं, आणि मीच संपवलं. शेवटी काकूंनीच त्यांना माझ्या स्वाधीन केलं आणि मी त्यांना चेन्नईत एग्मोरला कानाच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी तपासणीचा आलेख त्यांच्यासमोर ठेवला. डावीकडे जाड आवाजांपाशी सपाट चाललेली रेघ बारीक आवाजांपाशी कड्यावरून पडावी तशी खाली गेली होती. लॅपटॉपवर फिल्टर लावून आवाज कापताना काका अशाच रेघा रोज ओढत. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि डॉक्टरांना विचारलं, "हा फिल्टर कोणीं लावला?"

डॉक्टर म्हणाले, "वय आणि इंजिनं. कानाला संरक्षण लावत नव्हतात का, सार?"

"दिलें होतें. झाकण लावून इंजिन कसें ऐकायचें?"

परतीच्या गाडीत त्यांनी तो आलेख गुडघ्यावर पसरला, रेघ पडते त्या जागी नखाने खूण केली आणि म्हणाले, "हेथपर्यंत मी. ह्याच्या वर तूं. दोनच शब्द बोलायचे. पास, नाहींतर रिजेक्ट. छान म्हणायचें नाहीं."

रिजेक्ट म्हणायला मला किती जड गेलं, ते माझं मलाच ठाऊक. माझ्या घरात मोठ्यांच्या कामाला नाव ठेवायची रीत नाही. पहिल्या दिवशी मी सतरा वेळा रिजेक्ट म्हटलं आणि प्रत्येक वेळी मान खाली घातली. अठराव्या वेळी पास म्हणालो. काका म्हणाले, "नक्की? कीं काकूचा रसम बोलतो अहे?" मी पुन्हा ऐकलं आणि सांगितलं, "रिजेक्ट." ते खूश झाले.

जूनमध्ये गाणं निघालं. त्याच्या माहितीत सगळ्यात खाली 'तपासनीस' म्हणून माझं पूर्ण नाव आहे, वडिलांच्या नावासकट. मी ते वडिलांना फोनवर वाचून दाखवलं. त्यांनी विचारलं, कायम नोकरी आहे का.

परवा संध्याकाळी आम्ही गच्चीवर बसलो होतो. कडुलिंबाच्या फांदीवर एक खार शेपटी झटकत ओरडत होती. काका ती शेपटी पाहत राहिले.

"आवाज येतो अहे?"

"येतोय."

"किती?"

मी त्यांच्या हाताच्या पाठीवर एका बोटाने तिच्या चिक्-चिक्बरोबर ठोका धरला. त्यांनी डोळे मिटले. "मिनिटाला एकशें अठ्ठावीस," ते म्हणाले, "थोडी पुढें धांवते." मी ठोका देत राहिलो. मग खार गप्प झाली आणि फांदीवरून पलीकडे गेली. अजून थोडा वेळ बोट चालू ठेवावं असं मला फार वाटलं. मी थांबलो.

"गेली?"

"गेली, काका."

"सरि, ठीक," ते म्हणाले. हात मात्र त्यांनी बराच वेळ माझ्या बोटाखालीच ठेवला.