चादरीला पैकीच्या पैकी

नोकरीतल्या पहिल्याच अहवालात मी एका चादरीला छप्पर समजून पैकीच्या पैकी गुण देऊन टाकले. हे सांगितलं की माझ्या नाती हसतात. हसू देत. तेव्हा मी त्यांच्याच वयाची होते, समाजकार्याची पदवी ताजी होती आणि डोळ्यांवर सीताबर्डीच्या बाजारातून घेतलेला काळा गॉगल होता. गॉगल लावला की मी ऑफिसर दिसते, अशी माझी पक्की समजूत होती. बाकी कुणाची नव्हती.

गोष्ट सत्तरच्या दशकातली. शहराच्या कारभारात झोपडपट्टी सुधारणेचं एक खातं होतं, त्यात मी प्रोबेशनवर. म्हणजे काम बरं केलं तर कायम, नाहीतर घरी. त्या वर्षी घरदुरुस्तीचं अनुदान आलं. अनुदान म्हणजे परत न मागायचे पैसे, म्हणूनच ते नेहमी कमी येतात. सगळ्या वस्त्यांना पुरणार नव्हते, तेव्हा गुणांची पद्धत. पाहणीवाल्याने घरोघर जायचं, छप्पर, भिंती, सामानसुमान बघायचं आणि गुण द्यायचे. शाळेच्या अगदी उलट, ज्याला कमी गुण त्याचा नंबर पहिला. सोमवारी समिती बसून वस्त्या ठरवणार होती. जी वस्ती सुटेल, तिने पावसाळा आहे त्याच छपराखाली काढायचा.

माझ्या वाट्याला अमरावती रोडकडची एक वस्ती आली. पुरुष जवळच्या वाडी गावातल्या गोदामांत हमाली करणारे, बायका मिळेल त्या कामाला जाणाऱ्या. मी आदल्या दिवशी निरोप धाडला, "उद्या पाहणीला येते." कुणाच्या घरी न सांगता जाऊ नये, असं आईने शिकवलं होतं. कॉलेजात याविरुद्ध काही शिकवलं नव्हतं.

पहिलं घर शेवंताबाईंचं. वस्तीतल्या बायका त्यांच्या शब्दाबाहेर नव्हत्या. अंगण सारवलेलं, त्यावर रांगोळी. आत दोन हिरव्या लोखंडी खुर्च्या. डोक्यावर, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, ताणून बांधलेली फुलाफुलांची चादर. निळ्या कपात चहा आला.

"बसा बाई. लय उन्हाच्या आल्या तुमी," शेवंताबाई म्हणाल्या.

मी गॉगल न काढताच बसले आणि लिहिलं, छप्पर उत्तम.

दुसऱ्या घरीही हिरव्या खुर्च्या. तिसऱ्या घरीही. तोच निळा कप, वर तशीच फुलाफुलांची चादर. आता शंका यायला हवी होती की नाही? मी मनात म्हटलं, काय ही एकी! सगळ्यांनी मिळून एकाच दुकानातून खरेदी केलेली दिसते. मी एका घरी निरोप घेत रेंगाळायची, तेवढ्यात मागच्या गल्लीतून खुर्च्या पुढच्या घरी पळायच्या. शेवटच्या घरातली बाई धापा टाकत होती, तर मी तिला तब्येतीला जपायला सांगितलं. भिंतीवरची बुद्धाची तसबीर मात्र प्रत्येकीची वेगळी होती. तेवढी मागून आणावी लागली नव्हती.

परतताना शेवंताबाईंच्या अंगणात रांजणाच्या पाण्याने तोंड धुतलं आणि निघाले.

शनिवारी सकाळी अहवाल साहेबांच्या टेबलावर ठेवला. ‘वस्तीची स्थिती समाधानकारक.’ मग लक्षात आलं, गॉगल रांजणापाशीच राहिला. ऑफिसरचं रूपच हरवलं म्हटल्यावर मी तडक वस्तीत गेले. या वेळी निरोप धाडायला वेळ नव्हता.

दारातून आत डोकावले तर चादर नव्हती. खुर्च्या नव्हत्या. वर फुटकी कवेलू, म्हणजे कौलं, आणि त्यांच्या भोकांमधून ऊन थेट चुलीवर. ज्या एका कोपऱ्यात ऊन पोचत नव्हतं, तिथे शेवंताबाईंच्या नातीचा पाळणा टांगला होता.

"चादर कुठे गेली?" मी विचारलं.

"लग्नातली होय ना. पेटीत ठेवली."

"आणि खुर्च्या?"

"गोदामातल्या. गेल्या वाडीले."

"अहो, मी छप्पर बघायला आले होते!"

"मंग सांगून काहून आल्या?" शेवंताबाईंनी गॉगल पदराला पुसून माझ्या हातात दिला. "घरी पावणी येणार, अन् तिच्या चहात कवेलूची माती पडू द्याची काय आमी?"

मी धावतच ऑफिस गाठलं.

साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. चष्मा काढला, पुसला, परत लावला. "सही झाली माझी. आता समितीला काय सांगू? आमच्या बाईंना चादर आणि छप्पर यातला फरक कळत नाही?"

"हो साहेब. तसंच सांगा."

"आणि हे काय? घरोघरी दोन लोखंडी खुर्च्या! वस्ती आहे की मंगल कार्यालय?"

मी खुर्च्यांची ओळ खोडायला पेन काढलं.

"तुमच्या प्रोबेशनच्या शेऱ्यातही हे लिहावं लागेल, बाई."

"लिहा साहेब."

हे मी मोठ्या धैर्याने म्हटलं असं वाटेल. घरी जाऊन उशीत तोंड खुपसून रडले.

रविवारी पुन्हा वस्तीत, न सांगता. शेवंताबाई दारात आडव्या उभ्या. "पसारा पडला हाये. झाडून तं घेऊ द्या."

"झाडू नका. चादर बांधू नका. चहासुद्धा नको."

"चहा बी नाही? अशी कशी पावणी तुमी?"

तोवर शेजारीण खुर्च्या आणायला वाडीच्या रस्त्याला लागलीसुद्धा होती. मी भर उन्हात तिच्यामागे धावत जाऊन तिला परत आणलं. मग घरोघरी फक्त वर बघत फिरले. संध्याकाळी मान आखडली होती आणि गुण मात्र भराभर खाली आले होते.

सोमवारी समितीत साहेबांनी चादरीची हकीकत सांगितली. समिती पोटभर हसली आणि वस्ती घेतली. पैसे सगळ्या घरांना पुरले नाहीतच. ज्यांची छपरं सगळ्यात वाईट, त्यांना आधी छपराचे पत्रे मिळाले, बाकीच्यांना पुढच्या वर्षाचा वायदा. माझं प्रोबेशन लांबलं. पुढच्या वर्षी सामानसुमानाचे गुण नियमातून गेले, आणि पाहणीआधी निरोप धाडायची माझी पद्धतही गेली. पाहणी करायची असेल तर पाहुणी होऊन जाऊ नये, एवढं मी त्या पगारात शिकले.

पत्रे बसले की नाही ते बघायला पावसाच्या तोंडावर मी पुन्हा गेले, अर्थात न सांगता. शेवंताबाईंनी मला दारातच अडवलं आणि म्हणाल्या,

"गॉगल काढ आधी, बाई, अन् वरतं पाह्य नीट. या खेपेले चादर नाही, पत्राच हाये. आता बस चटईवर. तुह्यासाठी खुर्च्या आणाले कोणी वाडीले जात नसते."