बाहुलीच्या दुधाचा मासा

कोण बघून शिकतं, कोण ऐकून शिकतं, कोण मार खाऊन शिकतं. आमचे भावोजी तेवढे झोपून शिकले. जागेपणी सांगितलेली एक गोष्ट त्या माणसाच्या डोक्यात कधी शिरली नाय, आणि झोपेत शिरलेली कधी बाहेर पडली नाय. भावोजी म्हंजे माझा धाकटा दीर. मोठ्या बोटीवर खलाशी होते, देशोदेशी फिरलेले. पण कुठला देश कसा होता विचारलं तर सांगायचे, "तिकडं वारा बरा होता वयनी, झोप लागायची." दुपारचं जेवण झालं की पडवीत चटई टाकायची, उजवा कान आभाळाकडं करायचा आणि निजायचं. उठलं की चटईवर मांडी घालून, आज काय काय दिसलं ते सांगायचं, रेडिओवर बातम्या देतात तसं.

हे मला कळलं ते कौलापायी. चुलीच्या वरचं कौल सरकलं होतं. रोज सांगायची, भावोजी, वाईच शिडी लावा, चुलीत पाणी गळतंय. ते हो हो बोलायचे आणि खाडीकडं बघत बसायचे. एके दुपारी ते निजलेले, मी तिथंच बाजूला तांदूळ निवडत होते, आणि आपली आपल्याशीच बोलले, कौल सरकलंय, चूल विझतेय, या घरात कोणाला काय नाय. थोड्या वेळानं भावोजी उठून बसले, डोळे हे एवढे. "वयनी, स्वप्न पडलं. आपल्या कौलावर मगर बसलीय आणि चुलीत थुंकतेय." आणि लगेच शिडी लावून वर. तेव्हापासून मी जे सांगायचं ते दुपारीच सांगायची. रॉकेल संपलं, दळण आणायचंय, बावीचा रहाट करकरतोय. झोपेत भावोजींना राक्षस दिसायचा, तो रिकामी बाटली वाजवायचा, आणि मग रॉकेल यायचं. शेजारची काकी एकदा कुंपणावरून बोलली, "काय गो, निजलेल्या माणसाशी काय बोलत बसतेस?" मी बोलले, "जागं माणूस ऐकतं कुठं, काकी."

खरं सांगायचं तर जागेपणी आम्ही बोलायचो पण मोजकंच. माझा घोव मुंबईला गिरणीत होता. गिरणी बंद पडली, तो खोकला घेऊन घरी आला आणि दोन पावसाळे पण बघितले नाय त्यानं. मग मी काजूच्या कारखान्यात बी फोडायला जायला लागले. काजूच्या तेलानं हात असे काळे झाले की कोणाच्या हळदीकुंकवाला हात पुढं करायला लाज वाटायची, तसं मला कोण बोलवत पण नव्हतं. भाऊ गेल्याचं कळलं तेव्हा भावोजी बोट सोडून आले ते आलेच. त्यांनी लग्न केलेलं नव्हतं. भावजय विधवा, दीर एकटा, घर एक. गाव काय बोलतं ते ठाऊक असतं. म्हणून ते पडवीत आणि मी माजघरात, आणि मधल्या उंबऱ्यावर ताट ठेवायचं. तसे दिवस काढले. रडून काय करणार होते, बी फोडताना रडलं तर डोळ्याला हात लावता येत नाय, जळतात.

तर बोटीवरून आले तेव्हा त्यांच्या पेटीत दोन शर्ट, एक घोंगडी आणि एक रबरासारखा मऊ मासा होता. बोटभर लांबीचा. पाठ निळी, पोट पांढरं, आणि शेपूट अशी की नुसता हातात धरला तरी थरथरायची. कुठल्याशा गोऱ्या खलाशानं दिलेला. गरीला लावायचा, पाण्यात ओढायचा, मोठ्या माशाला वाटतं जिवंत आहे. भावोजी गरवायला जायचे, पण गरीला कणकेची गोळी, जिवंत कोळंबी कधी लावली नाय त्यांनी. बोलायचे, "ज्याला खायचंय त्याला मारावं. ज्याच्यावर नुसती थाप मारायचीय त्याला कशाला मारायचं?" गावातली माणसं हसायची. कोळंबी लावून ती टोपली भरून आणायची, आणि आमचे भावोजी हात हलवत यायचे, पण चेहरा असा की जसं कोणाच्या लग्नाला जाऊन आलेत. गोऱ्याचा तो मासा तर कधी पाण्यात टाकलाच नाय त्यांनी. तो नमुना. तसेच शंभर मासे घरी बनवायचे, हे त्यांच्या डोक्यात बसलं. दोन रंगांचेच. "वरून बघणाऱ्या पक्ष्याला निळं पाणी दिसावं आणि खालून बघणाऱ्या माशाला पांढरं आभाळ, असा मासा असतो वयनी. त्याला दोन्हीकडून लपायचं असतं." हे बोलताना त्यांचा आवाज खाली यायचा.

मग माझ्या स्वयंपाकघराचं जे झालं ते झालं. आधी पावसाळी चपला वितळवल्या. आमच्या संपल्या तेव्हा काकीची एक नाहीशी झाली. ती बिचारी एका पायात चप्पल घालून आठ दिवस कुत्र्याला शिव्या देत होती. चपलांचा मासा झाला तो असा कडक की पाटावर आपटला तर वाजायचा, आणि वास असा की कावळे पण खळ्यात उतरेनात. मी टोप उचलून मागीलदारी ठेवला आणि तीन दगड मांडून दिले. मग मुंबईला बाहुल्यांच्या कारखान्यात त्यांचा एक दोस्त होता, त्यानं एसटीनं एक डबा पाठवला. आत दुधासारखं पांढरं पातळ. आम्ही त्याला बाहुलीचं दूध बोलायचो. ते तापवलं की आधी दह्यासारखं धरतं, आणि आणखी तापवलं की परत वितळून काचेसारखं निवळ होतं. भावोजी ते ढवळत बसले की बघत राहावं असं वाटायचं. बाळंतिणीला खीर करताना पण कोण एवढं जपत नाय.

साचा गणपतीवाल्याकडच्या प्लॅस्टरचा. पोट खाली, पाठ वर. पावसात तो सुकायचा नाय आणि ओल्या साच्यात गरम दूध ओतलं की फुगे यायचे, म्हणून भावोजी साचे घोंगडीत घेऊन निजायचे. कोंबडी अंड्यावर बसते तसे. रंगासाठी माझ्या फडताळावर डोळा. हळद घातली, ती करपली. कुंकू घातलं, मासा विटकरी झाला. मी बोलले, "आता त्याला मंगळसूत्र पण घाला." शेवटी माझी कपड्यांची नीळ चालली. काय निळी पाठ आली सांगू. गणपतीवाल्याची पांढरी पावडर आणि वाईच चमकी घालून पोट. नुसता दिसायला असा की वाटायचं हा बोलेल.

पण टिकायचा नाय. आधी पोट ओतायचे, ते निवून घट्ट बसलं की वर पाठ ओतायचे. भावोजींना वाटायचं खालचं पक्कं झाल्याशिवाय वरचं ओतलं तर रंग एकात एक मिसळतील. मासा साच्यातून निघायचा एकसंध, पण खाडीत कोणी तोंड मारलं की पाठ एकीकडं आणि पोट एकीकडं. निळी पाठ मासा घेऊन जायचा आणि पांढरं पोट भावोजी घरी घेऊन यायचे. पडवीच्या खुंटीवर नुसत्या पोटांची माळ झाली होती. काकी बोलायची, "तुझा दीर खाडीतल्या माशांना चपला पुरवतोय."

त्याच वर्षी आषाढात माझी लेक सुमन सासरहून बाळंतपणाला आली. तिचं पहिलं पोटातच गेलेलं. या वेळी दिवस भरत आले तरी अन्न ठरेना. पेज दिली, उलटी. भात दिला, उलटी. सुकट भाजली तर वासानं उठून गेली. हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत चढायला लागल्या. नर्सबाई बोलली, ही अशीच उपाशी राहिली तर मागच्यासारखं होईल, पोटात काहीपण जाऊ दे. मी विचारलं, "सुमे, तुला काय खावंसं वाटतंय ते तरी सांग." बांगड्या मनगटाशी ओढल्या. मग बोलली, "आये, जिताड्याचं कालवण. बाबा सुट्टीत आले की आणायचे तसं." आता आषाढात होड्या सगळ्या वर ओढलेल्या, बाजारात खारवलेल्याशिवाय काय नाय. आणि दिव्यांची अवस जवळ आलेली. एकदा श्रावण लागला की आमच्या घरात मासळी शिजत नाय. सासूनं घातलेली शपथ होती, ती मोडायचं कोणाच्या मनात पण आलं नसतं, सुमनच्या तर नाहीच. मी शेजारी चार घरी सांगून आले, खाडीत कोणाला जिताडा लागला तर आमच्याकडं द्या. त्या पाण्यात कोणाला लागेना. कोळंबी लावून पण लागेना.

उंबऱ्यापलीकडून भावोजी बोलले, "जिताडा मी आणीन." सुमन पडल्या पडल्या हसली. "काका, तुमचा मासा त्याला गुदगुल्या करून येतो नुसता." पण हसली ते बघून मला बरं वाटलं.

डब्यात बाहुलीचं दूध तळाला गेलेलं. एक मासा झाला असता, फार तर दीड. मी भावोजींना जागेपणीच सांगून बघितलं. मी बोलले, "मी दोन रंगांची खोबऱ्याची वडी करते ना, तेव्हा खालचा पांढरा थर निवू देत नाय. वाफ असताना वरचा गुलाबी थापते. निवला की थर सुटतात, गरम असले की एकमेकाला धरतात." भावोजी बोलले, "वयनी, तुम्ही मासा आणि वडी एक समजता." आणि खाडीकडं बघायला लागले. बरं. दुपार झाली, ते निजले. मी विळी घेऊन बाजूला बसले आणि नारळ खोवत खोवत त्यांच्या कानाशी सगळं परत सांगितलं. खालचं अंग गरम असू दे. वाफ जायच्या आत वरचं ओता. थांबू नका. आणि मग, का कोण जाणे, जे कोणाला बोलले नव्हते ते पण बोलले. बोलले, भावोजी, माणूस गेला ते मी काढलं. नातवंड गेलं ते पण काढलं. ही लेक गेली तर ते काय माझ्यानं निघणार नाय.

भावोजी उठले. त्या दिवशी मगर नाय, राक्षस नाय. चटई गुंडाळली. मग बोलले, "दोन नद्या दिसल्या. एक गोरी, एक निळी. दोन्ही ऊन ऊन होत्या. एकमेकीत गेल्या पण रंग काय मिसळले नाय." आणि टोप घेऊन मागीलदारी गेले. पांढरं ओतलं, त्याच्यावर लगेच निळं. साचा गार झाल्यावर मासा काढला, दोन्ही हातांनी ताणला. रबर ताणलं, जोड सुटला नाय. भावोजींनी तो कानाशी नेला, काय ऐकलं देवाला ठाऊक, आणि गरी घेऊन खाडीच्या तोंडाकडं चालायला लागले.

त्या दिवशी काय आलं नाय. दुसऱ्या दिवशी पण नाय. सकाळी जायचे, दुपारची झोप पण मोडून खडकावरच बसायचे. दुपारचे भावोजी जागे, हे गावानं पहिल्यांदा बघितलं. काकी सांगत आली, "तुझा दीर आजारी आहे की काय?" अवशीच्या आदल्या दिवशी मी सुमनच्या पायाशी बसले होते. रात्री तिच्या उशाशी जागून अंग दगडासारखं झालेलं. भिंतीला पाठ लागली आणि डोळा कधी लागला कळलं नाय. मी दुपारची कधी निजणारी बाई नव्हे. झोपेत पाणी दिसलं, निळं, वरून आभाळ सांडल्यासारखं, आणि मी त्यात बसून पांढरे तांदूळ निवडतेय, आणि तांदूळ पोहत लांब जातायत, आणि कोणीतरी अगदी हळू, कानाशी बोलतंय. "वयनी. जिताडा आलाय. मसाला वाटायला घ्या."

जागी झाले. कोण नाय. सुमन निजलेली. मी उठले, पाट्यापाशी गेले, आणि काय मनात आलं, खोबरं घेतलं, लसूण घेतली, मिरच्या, धणे, आणि वाटायला लागले. अर्धं वाटून झाल्यावर मागच्या दाराकडं बघितलं. केळीच्या पानावर जिताडा. हातभर लांब, रुप्यासारखा, कल्ले अजून हलतायत. पडवीत भावोजी कंबरेपर्यंत भिजलेले, माझ्याकडं पाठ करून रबराच्या माशाची शेपूट पुसत बसलेले.

ते बोलले, "मसाला कशाला वाटताय?"

मी बोलले, "स्वप्न पडलं."

"पडतात कधी कधी," भावोजी बोलले, आणि पाठ काय वळवली नाय.

सुमन जेवली. आधी कालवणाचं पाणी, मग भात कालवून, मग काटे चोखत. ताट पुसून खाल्लं आणि पोटात राहिलं. मग पेज पण ठरायला लागली. गणपतीच्या आधी मुलगी झाली, पाठीवर निळसर डाग घेऊन. सगळी बोलली, असतो लहान पोरांना. भावोजी खाडीकडं बघायला लागले. ती पोर मोठी झाली, आईचे डोहाळे पुरे झाल्यामुळं तिची लाळ काय गळली नाय कधी.

नंतर पण मी दुपारी त्यांच्या कानाशी बोलायला बसायची. पण आता आधी त्यांच्या पापण्या बघायची. हलायच्या त्या. बघून न बघितल्यासारखं करायची आणि सांगायची, दळण संपलं, मीठ संपलं. आणि कधी दळण नसायचं, मीठ पण असायचं, तरी सांगायला काहीतरी असायचंच. उठले की भावोजी मगर सांगायचे. आम्ही तेवढंच बोललो आयुष्यभर.

ते गेले त्याला पण आता पुष्कळ वर्षं झाली. दुपारीच गेले, चटईवर, उजवा कान वर करून. मी शेवटचं काय बोलले ते मी कोणाला सांगितलं नाय. तो मासा माझ्या फडताळात आहे, निळीच्या डबीशेजारी. आता तो कडक झालाय, शेपूट थरथरत नाय, चमकी उडाली. पण निळं आणि पांढरं अजून सुटलेलं नाय, मी नखानं बघितलंय.

हल्ली मी पण दुपारची पडते. सुमन आली की बोलते, आये, पडवीत वारा लागेल, आत नीज. मी बोलते, राहू दे, इथंच बरं. चटई त्याच जागी टाकते आणि एक कान वर ठेवते.