लाकडी स्टेथोस्कोप

आज बाबांच्या लाकडी स्टेथोस्कोपला जवसाचं तेल लावलं आणि त्या वासानं मला थेट चौथीत नेलं. बाबा शुक्रवारी बाजारात हिंडून डॉक्टरांची जुनी उपकरणं जमवायचे; एकाच कानाला लावायची ही पोकळ नळी त्यातलीच. त्या सकाळी मला शाळेत पहिल्यांदाच सगळ्यांसमोर कविता म्हणायची होती. "छातीत धडधडतंय," म्हणत मी दारातच अडून बसले.

"बघू तर." बाबांनी त्या नळीचं रुंद टोक माझ्या छातीवर टेकवलं, दुसऱ्या टोकाला डावा कान लावला. "कुठं धडधडतंय? मला तर काहीच ऐकू येत नाही. एकदम मजामा आहेस. चल, बस स्कूटरवर."

मी विश्वास ठेवला. कविता न अडखळता म्हटली.

रेल्वे वर्कशॉपमधल्या आवाजानं बाबांचा डावा कान माझ्या जन्माआधीच गेला होता, हे फार उशिरा कळलं. उजवा चांगला होता.