भिंतीला टाचा लावलेले बूट

सायमन गेल्याची बातमी आली तेव्हा मी दवाखान्यातल्या कपाटातल्या बाटल्या यादीशी ताडून पाहत होते. राहुरीकडच्या आमच्या वाडीतला एक माणूस सकाळच्या मोटारीने नगरला आला आणि थेट दवाखान्याच्या दारात उभा राहिला. ‘‘नर्सबाई, गुरुजी गेले,’’ तो म्हणाला. ‘‘पहाटंची घंटा झाली न्हाई, तवाच आमी वळखलं.’’ हातातली बाटली मी जागेवर ठेवली, यादीत तिच्यापुढे खूण केली, आणि मग खाली बसले... या गोष्टीला आता महिना होऊन गेला.

सायमन माझा धाकटा भाऊ. वाडीतल्या मिशनच्या शाळेत गुरुजी, आणि शाळेला लागून असलेल्या आमच्या कॅथलिक देवळाची सगळी व्यवस्थाही त्याच्याकडेच. सकाळ, दुपार, संध्याकाळ प्रार्थनेची घंटा तोच देई. आमच्या देवळात बाके नाहीत. चपला दाराबाहेर काढायच्या आणि आत तरटावर बसायचे, ही वाडवडिलांपासूनची रीत. सायमन चपला काढी त्याही ठरलेल्या जागी, दाराच्या डाव्या हाताला, टाचा भिंतीला लावून. शाळेतल्या मुलांच्या चपलाही तशाच लागल्या पाहिजेत, नाहीतर तो परत बाहेर पाठवी. आम्हा दोघांत एवढे एकच साम्य होते. बाकी मी घाईची आणि तो सावकाश. माझे काम उरकले तरी त्याचे पागोटे बांधून झालेले नसे, आणि यावरून आमची जन्मभर भांडणे झाली.

दुसरी मोठी लढाई संपल्यावर वाडीतले फादर आंद्रेस फार थकले. मूळचे ते स्पेन देशातल्या कोर्दोबा गावचे, पण उमेदीची सगळी वर्षे त्यांनी आमच्याकडे काढली होती. डॉक्टरांनी त्यांना घरी न्यायला सांगितले. औषधपाणी बघायला नर्स हवी म्हणून मी, आणि उचलून ठेवायला माणूस हवा म्हणून सायमन, असे मिशनने ठरवले. मी तयारीला लागले. औषधे, चादरी, थर्मास, कागदपत्रे, आणि सायमनसाठी बूट. त्याने जन्मात बूट घातले नव्हते. नगरच्या चांभाराकडून करवून घेतले, तेव्हा दोन पावले टाकून तो म्हणाला, ‘‘अक्का, बैलाच्या खुराला पत्र्या मारल्यावानी वाटतंय.’’ बोटीवर फादरांनी मला उपयोगाचे वीसपंचवीस स्पॅनिश शब्द शिकवले. पाणी, भाकरी, औषध, भाऊ, आगगाडी.

फादरांना त्यांच्या बहिणीच्या घरी सुखरूप पोचवले. परतीची बोट जिब्राल्टरहून होती आणि ती गाठायची तर दुसऱ्या दिवशी दुपारची गाडी चुकता कामा नये. सकाळ तेवढी मोकळी होती. फादरांनी सायमनचा हात धरून सांगितले, गावातली जुनी मशीद बघून या, तीच आता आमचं मोठं देऊळ आहे, आणि तिथं माझ्यासाठी एक प्रार्थना कर. या देवळाबद्दल ते वाडीत नेहमी सांगत. आधी तिथे चर्च होते, मग मूर, म्हणजे मुसलमान, राजांनी मशीद उभारली, मग ख्रिस्ती राजांनी गाव घेतले आणि पुढे मशिदीच्या पोटातच देऊळ बांधले. खांबांचं रान आहे ते, असे म्हणत.

आम्ही निघालो. नदीवरचा जुना पूल पाहिला, पांढऱ्या भिंतींचे अरुंद बोळ पाहिले, त्यांवर टांगलेल्या फुलांच्या कुंड्या. सायमन प्रत्येक कमानीपाशी थांबे. दगड कसा बसवलाय बघ, आपल्या नगरच्या दमडी मशिदीच्या कारागिरांना हे दाखवायला पाहिजे होतं, असे त्याचे चाललेले, आणि माझे डोळे घड्याळावर. गाव सुंदर होते, पण धास्तावलेले होते. त्या देशात आपसांतली लढाई होऊन फार वर्षे झाली नव्हती. चौकाचौकात बंदूकवाले शिपाई उभे, लोक हळू बोलत. परक्या माणसाकडे सगळे एकदा बघत आणि मग बघायचे टाळत.

संत्र्याच्या झाडांचे मोठे अंगण ओलांडून आम्ही दाराशी आलो. तिथे सायमनने बूट काढले आणि डाव्या हाताला, टाचा भिंतीला लावून ठेवले. मी म्हटले, इथे कोणी काढत नाही, फरशी गार आहे, तुझी छाती आधीच नाजूक. त्याने ऐकले नाही. आत गेलो आणि मीही क्षणभर घड्याळ विसरले. जिकडे बघावे तिकडे खांब, त्यांवर लाल-पांढऱ्या पट्ट्यांच्या दुहेरी कमानी, आणि मधेच एकदम उंच छत, सोनेरी वेदी, संतांचे पुतळे. सायमन बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, ‘‘रान तोडलं न्हाई त्यांनी. मधे घर बांधलं.’’

वेदीपाशी गर्दी होती म्हणून तो शांत जागा शोधत पार पलीकडच्या भिंतीपर्यंत गेला. तिथे मशिदीचा, नमाजाची दिशा दाखवणारा जुना कोनाडा आहे, त्यावर सोनेरी अक्षरे. त्याच्यासमोर सायमन अनवाणी पायांनी, आपण वाडीत बसतो तसा फरशीवर गुडघे दुमडून बसला, डोक्याला पागोटे, आणि पुढे वाकून त्याने कपाळ टेकवले.

रखवालदार धावत आला. त्याच्या बोलण्यातला ‘मोरो’, म्हणजे मूर, एवढाच शब्द मला कळला, आणि सगळे लक्षात आले. हा माणूस मुसलमान आहे आणि इथे नमाज पढतो आहे, असे त्याला वाटले होते. त्या जागी नमाजाला सक्त मनाई. त्याने सायमनचा दंड धरून त्याला उठवले. शिपाई आला. आम्हाला बाजूच्या एका खोलीत नेले, आमचे दोन्ही पासपोर्ट काढून घेतले, आणि शिपाई दाराशी बंदूक टेकून उभा राहिला. मी म्हणत होते, भाऊ, भाऊ. बूट काढायची आमची रीत सांगायची होती, पण बुटांना काय म्हणतात ते मी शिकलेच नव्हते.

थोड्या वेळाने देवळातले एक म्हातारे पाद्री आले. त्यांना थोडी इंग्रजी येत होती. मी घाईघाईने सगळे सांगितले, आमचे फादर, त्यांचे आजारपण, आमची रीत. त्यांनी फादरांचे आडनाव विचारले, मान हलवली, ओळखत नव्हते. मग सायमनकडे वळून म्हणाले, हा ख्रिस्ती असेल तर ‘हे आमच्या बापा’ ही प्रार्थना लॅटिनमध्ये म्हणून दाखवू दे. मला हायसे वाटले. सायमनला अख्खी मिस्सा, आमची रविवारची उपासना, लॅटिनमध्ये पाठ होती, वर्षानुवर्षे तोच वेदीपाशी उत्तरे देत आला होता. मी त्याला मराठीत सांगितले. तो खाली फरशीवर बसला.

‘‘म्हण ना,’’ मी म्हटले. ‘‘गाडी जाईल.’’

‘‘फादरांसाठी म्हणत हुतो ती अर्धी ऱ्हायली, अक्का.’’

‘‘ती मग म्हण. आधी ही म्हण आणि सुटू.’’

‘‘हे काय हजेरीपुस्तक हाय का? यांनी नाव पुकारायचं आन् मी हजर म्हणायचं?’’ त्याचा आवाज जराही चढला नव्हता. ‘‘दाखवायला म्हनली तर ती प्रार्थना न्हाई. आन् मुसलमान समजले म्हणून मी काय घाबरायचं? आपल्या शाळेच्या शेजारीच न्हाई का ऱ्हात ते.’’

पाद्र्यांनी काय म्हणतो ते विचारले. मी काहीतरी थातूरमातूर सांगितले. त्यांचा चेहरा कठीण झाला. ते शिपायाशी बोलू लागले, आणि त्यात ठाणे या अर्थाचा शब्द आला असावा, कारण शिपायाने बंदूक उचलली. मी सायमनचे मनगट इतके जोराने धरले होते की माझ्याच बोटांना रग लागली. बोट, पासपोर्ट, परका देश... आणि वाडीत त्याची बायको मार्था आणि पोरे वाट बघत असलेली. त्या क्षणी मला त्याचा इतका राग आला होता की शिपायाच्याही आधी मीच त्याला मारले असते.

आणि तेवढ्यात वर मनोऱ्यात दुपारची घंटा सुरू झाली.

सायमन उठून उभा राहिला. कोणाकडे बघितले नाही. वाडीत रोज घंटेचा दोर सोडून उभा राही तसा, पागोटे काढून काखेत धरले, क्रूसाची खूण केली आणि घंटेच्या प्रार्थनेची पहिली ओळ म्हटली, लॅटिनमध्ये, आमच्या नगरी उच्चारांत. पाद्री शिपायाशी बोलता बोलता थांबले. दुसरी ओळ उत्तराची असते. ती त्यांच्या तोंडून आपसूक आली. सायमनने तिसरी म्हटली, त्यांनी चौथी. शिपायानेही बंदूक भिंतीला टेकवून टोपी काढली. मी कुठल्या ओळीपासून म्हणू लागले, मला आठवत नाही.

घंटा थांबल्यावर पाद्र्यांनी शिपायाकडून दोन्ही पासपोर्ट घेऊन माझ्या हातात दिले. मी दाराकडे निघाले, तर सायमन उलट दिशेला. ‘‘अर्धी ऱ्हायलीये,’’ म्हणाला. पाद्र्यांना मी समजावले. त्यांनी जरा विचार केला, मग त्याला कोनाड्याकडे न जाऊ देता वेदीपाशी स्वतः नेले. सायमन तिथे फरशीवर बसला, अनवाणीच. मघाचा रखवालदार बाहेरून बूट घेऊन आला, दोन बोटांत लटकवून, आणि प्रार्थना संपेपर्यंत ते धरून उभा राहिला. मी घड्याळाकडे बघायचे सोडून दिले होते. गाडी आम्ही पळत गाठली. डब्यात बसल्यावर दम लागलेला सायमन म्हणाला, ‘‘बुटानं मातूर पळता येतं, अक्का.’’ त्यावर मी जिब्राल्टर येईपर्यंत त्याच्याशी बोलले नाही.

परत आल्यावर त्याने तेच बूट वापरले. हिवाळ्यात छातीसाठी बरे पडतात, असे म्हणे. पण छातीनेच शेवटी दगा दिला... फादर आंद्रेस त्याच्या आधीच, आपल्या गावी वारले होते. कोर्दोबाची गोष्ट वाडीत कोणी काढली तर सायमन कमानींचे वर्णन करी. खोलीतल्या प्रसंगाबद्दल तो कधी बोलला नाही.

गेल्या आठवड्यात मार्थाला मदत म्हणून वाडीला गेले. सायमनच्या सामानाची यादी केली, काय ठेवायचे, काय कोणाला द्यायचे. कपडे, पुस्तके, कंदील, छत्री. बूट घरात नव्हते. मार्था म्हणाली, देवळातच असतील, शेवटच्या संध्याकाळी घंटा दिली आणि तिथून लोकांनी उचलूनच घरी आणलं त्यांना. मी देवळात गेले. दाराच्या डाव्या हाताला बूट होते, टाचा भिंतीला लावून. महिनाभर लोकांनी आपल्या चपला त्यांच्या आजूबाजूला काढल्या होत्या, पण त्यांना कोणी हात लावला नव्हता. मी ते उचलले, एक एका हातात, एक दुसऱ्यात. तेवढ्यात दुपारची घंटा सुरू झाली. आता ती मार्था देते.

क्रूसाची खूण करायला हात मोकळे हवेत. बूट मी खाली ठेवले, होते तिथेच, होते तसेच. प्रार्थना संपली आणि मी घरी आले. यादीत बुटांपुढची खूण करायची राहिली आहे.