राजाचे उरलेले दिवस

पूर्णगडच्या वरच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर, भागोजी गडगे रचायचा. कलमांच्या बागेभोवती जांभ्या दगडांची जी कुंपणं दिसतात, माती-चुन्याशिवाय नुसती दगडावर दगड बसवलेली, ते गडगे. धाकटा भाऊ रामा दगड उपसून द्यायचा, भागोजी ते बसवायचा.

एकोणीसशे अठ्ठावीसच्या वैशाखात दगड उचलताना रामाला फुरसं चावलं. फुरसं हे दिसायला वीतभर, मातकट रंगाचं जनावर. दगडाखाली वेटोळं घालून बसतं आणि अंगाला अंग घासून करवतीसारखा आवाज करतं. नाग चावला तर निकाल लवकर लागतो. फुरसं वाट पाहायला लावतं. रामाचा हात खांद्यापर्यंत सुजला. मग हिरड्यांतून रक्त यायला लागलं, मग लघवीतून. वैद्याचे लेप झाले, देवाला गाऱ्हाणं घालून झालं. शुद्ध मात्र शेवटपर्यंत होती. "भाऊ, मी मरतंय काय?" असं तो विचारायचा, आणि भागोजी उठून अंगणात जायचा. रामाचा जीव गेला तेव्हाही भागोजी अंगणातच होता.

त्यानंतर भागोजीनं दगडाला हात लावला नाही. दगड दिसला की त्याला खालून करकर ऐकू यायची. बायको राही दुसऱ्यांच्या शेतावर राबून घर चालवू लागली.

श्रावणात देवळात दुपारचं पुराण लागलं. राहीनं त्याला बळेच नेलं. पुराणिकबुवा परीक्षित राजाची कथा सांगत होते. राजानं ध्यानस्थ ऋषीच्या गळ्यात मेलेला साप टाकला, आणि ऋषीच्या मुलानं शाप दिला की सातव्या दिवशी तक्षक तुला डसेल. राजानं एका खांबावर महाल बांधला, खाली पहारे ठेवले, वर वैद्य ठेवले. सातव्या दिवशी फळं आली. एका फळात बारीकशी अळी होती. ती अळीच तक्षक होती.

भागोजी तिथूनच उठला आणि घरी आला.

दुसऱ्या दिवसापासून त्यानं भिंतीतली बिळं शेणामातीनं बुजवायला घेतली. खाट उंच केली. केळं खायचं तर आधी बोटांनी कुस्करून बघायचा. राही म्हणाली, "असं किती दिवस करशाल?"

"राजाला चुकला नाय. मना कसा चुकल?" तो म्हणाला.

आश्विनात गवत कापणी सुरू झाली. राहीनं सड्यावरून भारा आणून पडवीत टेकवला. गाय हंबरत होती म्हणून भागोजीनं भाऱ्यातून मूठभर गवत ओढलं, आणि हात तसाच धरून उभा राहिला.

"राही," तो हळू आवाजात म्हणाला, "मना फुरशान धरलान."

लवू वैद्य आला, जखम धुऊन लेप लावून गेला. भागोजीनं भिंतीकडे तोंड केलं. "दार लाव. कोणाला आत घेव नको." संध्याकाळी त्यानं थुंकून पाहिलं. थुंकी लाल होती. पुढे काय काय होणार ते त्याला पाठ होतं.

राही उशाशी बसली. "अवो, त्या राजाची गोष्ट तुमी अर्धीच ऐकलात."

"शेवट ठाव हाय मना."

"शेवट तोच. पण बुवा म्हणाले, दुसऱ्या पुराणात निराळं हाय. राजा लपला नाय. गंगेच्या काठी उघड्यावर जाऊन बसला. माणसं जमली, ऋषी आले. त्यानं विचारलं, मरणाऱ्यानं काय करावं? आणि सात दिवस ऐकत बसला."

"मग वाचला?"

"नाय."

भागोजीनं भिंतीकडचं तोंड तिच्याकडे वळवलं. मग म्हणाला, "भ्याव गेला त्याचा?"

"बुवा म्हणाले गेला. मना काय ठाव? पण एकटा नव्हता तो."

सकाळी त्यानं दार उघडायला सांगितलं. शेजारी आले, खाटेभोवती बसले. त्यांत म्हातारा भिकाजी होता. रामाच्या उशाशी शेवटी तोच होता. भागोजीनं त्याला इतके दिवस टाळलेला प्रश्न विचारला, "जाताना काय म्हणाला रामा?"

"तुला हाक मारीत होता," भिकाजी म्हणाला.

भागोजी रडला. रडताना ओठांवर रक्त येत होतं, आणि राही ते पुसत होती. माणसं उठली नाहीत. आळीपाळीनं जेवून येत, पुन्हा बसत. हळूहळू सूज उतरली, रक्त थांबलं. उजव्या हाताचं बोट तेवढं वाळून गेलं.

भीती काही गेली नाही. भागोजी पुन्हा गडगे रचू लागला, पण प्रत्येक दगडावर आधी पहार आपटायचा आणि कान लावून थांबायचा. पुढच्या आठ-दहा वर्षांत आसपासच्या वाड्यांत कुणाला फुरसं चावलं की तो तिथं जाऊन बसायचा. लोकांना वाटे, याच्याकडे मंत्र आहे. तो म्हणे, "मंत्र नाय, औषध नाय. बसतो फक्त."

एका वर्षी शेजारच्या वाडीत मालन या नव्या सुनेला फुरसं चावलं. भागोजीनं तिच्याजवळ बसण्याआधी खाटेखाली काठी आपटली आणि कान लावून थांबला. ते तिला दिसलं.

"मामा, तुमाला भ्याव वाटता?"

"वाटता तर," तो म्हणाला. "तुझ्या माहेराबद्दल सांग बघू. घर कुठं तुझं?"

मालन सांगू लागली. खाडीपलीकडचं घर, दारातला फणस, आईचं रागावणं. दोन दिवस ती थांबत थांबत बोलत होती. मग आवाज बसला, आणि ती गेली. भागोजी तिचा हात धरून तसाच बसून होता; तिच्या सासूनं तो हळूच सोडवून घेतला.