ड्रॉवरमधलं बाळ

पालघरच्या एका कचेरीत लोखंडी टेबलं आली आणि जुनी सागवानी टेबलं सरपणात निघाली. गाढवाला गुळाची चव काय! मी तेव्हा बोईसरजवळच्या एका दवाखान्यात नर्स होते. भांडूनतंडून तो मोडका पसारा बैलगाडीत घालून घेऊन आले. तिकडे तारापूरला अणूपासून वीज काढायची तयारी चालली होती. आमच्याकडे मात्र कंदील, आणि बाळंतिणीला जमीन.

सुतार मिळाला तो पालघरजवळच्या माहीमचा, होड्या बांधणारा. टेबलाखुर्च्यांचं काम आपलं नव्हे, म्हणून त्याने आधी नाक मुरडलं. पण रंधा फिरला, आतून मधाच्या रंगाचं लाकूड निघालं आणि स्वारी खुलली. दोन मोडक्या टेबलांतून तपासणीचं एक धड टेबल झालं. उरलेल्या मोठ्या ड्रॉवरचा मी पाळणा करायला सांगितला. थंडीत अपुऱ्या दिवसांची बाळं आमच्यादेखत गार पडत.

त्याला होडीच ठाऊक. त्याने ड्रॉवरच्या प्रत्येक सांध्यात कापूस ठोकला, वर राळ नि तेल भरलं, कळशीभर पाणी ओतलं आणि गळतंय का ते बघत बसला. बाळाला समुद्रात सोडायचंय का, असं मी चिडून विचारलं.

"पानी जात नाय, मंग वारा कुठून येल?" तो म्हणाला.

मग बाळाचं डोकं कुठल्या बाजूला येणार ते विचारून त्याने तिथे कुंकू लावलं आणि नव्या होडीपुढे फोडतात तसा नारळ फोडला. मीही हात जोडले.

त्याच आठवड्यात वाणगावपलीकडच्या डोंगरातली एक बाई आमच्याकडे सातव्या महिन्यातच बाळंत झाली. मुलगी ओंजळीत मावेल एवढी. आधीची दोन गेलेली, म्हणून आईने भिंतीकडे तोंड फिरवलं. वाटीत दूध काढून द्यायची, पण मुलीकडे बघायची नाही. मी पोरीला कापसात गुंडाळून ड्रॉवरमध्ये ठेवलं, दोन्ही बाजूंना गरम पाण्याच्या बाटल्या लावल्या, बोळ्याने दूध पाजलं.

सकाळी आत हात घातला, तर ऊब होती. रोज असायची. वर्षानुवर्षं ज्या लाकडात फायली कोंबल्या, त्यात एक जीव तग धरून होता! मी पुन्हापुन्हा हात घालून बघायचे.

एका दुपारी पोर टाहो फोडून रडली. तोवर तिचं नुसतं कण्हणं ऐकलं होतं. आई भिंतीकडून वळली, उठून बसली.

"बाई, भुकेली हाय ती," ती म्हणाली. "द्या हिकडं."