धक्का कुठे द्यायचा

घाटकोपरच्या आमच्या चाळीत गणपतीचा हलता देखावा वर्षानुवर्षं एकच माणूस करत आला आहे. तळमजल्यावरचे काका. ते गिरणीत मागांचे फिटर होते. गिरणी बंद झाल्यावर शिलाई मशीनपासून पंख्यापर्यंत जे जे फिरतं ते त्यांनी दुरुस्त केलं. देखाव्याचं निवेदन लिहिण्याचं काम माझ्याकडे असतं. मी एका दैनिकात बातम्या तपासतो, त्यामुळे माझ्या मजकुरात चूक नसते असा चाळीचा समज होता. माझाही होता.

एका वर्षी काकांच्या गरुडाचा डावा पंख पहिल्याच संध्याकाळी अडकला आणि विसर्जनापर्यंत गरुड एका पंखाने उडाला. पुढच्या वर्षी मंडळाच्या चिटणीस बाईंनी, त्या तिसऱ्या मजल्यावर राहतात, काकांना जिन्यातच गाठलं.

"काका, स्पष्ट सांगते. रविवारी चाचणी. चालला तर तुमचा देखावा. नाही चालला तर फुलांची तयार सजावट, आणि मग दरवर्षी तीच."

"चालतलो गो, बाय," काका त्यांच्या मालवणीत म्हणाले.

विषय होता चंद्राकडे निघालेला उपग्रह. मी निवेदनात लिहिलं : उपग्रह पृथ्वीभोवती लांबट वाटेने फिरतो, पृथ्वीजवळ वेगात, लांब गेल्यावर सावकाश. त्याला आणखी लांब पाठवायचं असेल, तर तो वाटेच्या सर्वांत दूरच्या टोकाला असताना इंजिन क्षणभर पेटवतात आणि त्याचा वेग वाढवतात. पृथ्वीचा व्यास मी दोन ठिकाणी पडताळला. शेवटचं वाक्य पडताळलं नाही. ते उघडच वाटलं.

काकांनी तो कागद खिशात ठेवून काम केलं. ॲल्युमिनियमची पट्टी वाकवून त्यांनी दोन लांबट वाटा बनवल्या, एक लहान, एक मोठी. उपग्रह म्हणजे खेळण्यातल्या गाडीचं यंत्र, वर चंदेरी कागद. वाटेला पृथ्वीच्या बाजूला उतार दिला होता, त्यामुळे गाडी तिथे आपोआप पळायची आणि पलीकडे चढावर रेंगाळायची. लहान वाटेवरून मोठीवर जाण्यासाठी एक सांधा आणि त्याला हाताने ओढायचा खटका. हे सगळं त्यांनी चाळीच्या गॅलरीत सुट्या भागांत केलं. संपूर्ण मांडायला तिथे जागाच नव्हती.

रविवारी संध्याकाळी मंडपात कार्यकारिणी खुर्च्या टाकून बसली. उजवीकडे मूर्तीचा चौथरा, त्याच्या शेजारी पृथ्वी, डावीकडे पार प्रवेशद्वारापाशी टांगलेला चंद्र. लहान वाटेवर उपग्रह तीन फेऱ्या नीट फिरला. मग काकांनी दूरच्या टोकाला, कागदावर होतं तिथेच, मोठी वाट जोडायला घेतली. जोडत जोडत ते पृथ्वीला वळसा घालून उजवीकडे आले आणि थांबले. पट्टीचं टोक चौथऱ्यावर दोन हात आत गेलं होतं.

"काका, हा चंद्राकडे जाणार होता ना?" चिटणीस म्हणाल्या. "हा तर बाप्पाच्या पोटात घुसतोय!"

सगळे हसले. काका हसले नाहीत. कोणीतरी म्हणालं, "माप चुकलं हो काकांचं. वय झालं." चिटणीस बाईंनी घड्याळ पाहिलं. आठ वाजता फुलवाल्याला उत्तर द्यायचं होतं. सव्वासात झाले होते.

काकांनी खिशातून कागद काढला आणि माझ्यासमोर धरला. "तूच लिवलंस मां? धक्को दूरच्या टोकाक?"

"हो."

"मग आता ऐक. धक्को बसलो तेव्हा उपग्रह हय होतो. म्हणजे ही जागा जुन्या वाटेर आसा आणि नव्या वाटेर पण आसा. तो फिरान परत हयच येतलो. मग वाट वाढतली खय?"

मी सांध्याकडे पाहिलं, मग समोर चौथऱ्याकडे. वाट वाढणार ती समोरच्या बाजूला. दूरच्या टोकाला धक्का दिला तर जवळचं टोक सरकतं. दूरचं टोक वाढवायचं तर धक्का जवळच्या टोकाला, उपग्रह सर्वांत वेगात असताना द्यायला हवा. पट्टीने ते बरोबर दाखवलं होतं. चुकलं होतं वाक्य.

वर्तमानपत्रात अशा वेळी आतल्या पानावर बारीक टाइपात दुरुस्तीची चौकट टाकतात. इथे आतलं पान नव्हतं. मी कार्यकारिणीला सांगितलं, "काकांचं माप बरोबर आहे. चूक माझी आहे. मी उलटं लिहिलं."

"तुम्ही?" चिटणीस म्हणाल्या. "पेपरवाले असून?"

"पेपरवालो म्हणानच," काका म्हणाले. आता तेही हसले. "पट्टी धर रे."

नवी वाट करावी लागली नाही. तीच मोठी वाट आम्ही उचलून तिचं लांबचं टोक चंद्राखाली येईल अशी ठेवली आणि टेकू हलवून उतार पुन्हा पृथ्वीकडे आणला. लहान वाटेचा सांधा मात्र पृथ्वीजवळ नव्याने कापावा लागला. काकांनी करवत चालवली, मी पट्टी धरली. अध्यक्ष टॉर्च धरून उभे राहिले, दिवे लागलेले असताना.

आठला सात मिनिटं कमी असताना उपग्रह सुटला. तीन फेऱ्या. चौथ्या फेरीत तो उतारावरून पृथ्वीजवळ आला, काकांनी खटका ओढला आणि उपग्रह मोठ्या वाटेवर गेला. लहान वाटेचं दूरचं टोक मागे टाकून तो मंडपभर गेला, चंद्राखाली जवळजवळ थांबल्यासारखा झाला, वळला आणि परत सांध्यापाशी आला. अगदी त्याच जागी. खुर्च्यांतून टाळ्या वाजल्या. गरुडाची आठवण कोणी काढली नाही.

काकांनी कागद माझ्या हातात दिला. "ह्या बदल. आणि फुडच्या येळाक लिवलंस की आधी माका दाखव." तेव्हापासून निवेदन रेकॉर्ड होण्याआधी त्यांच्याकडे जातं.

चिटणीस बाईंनी तिथूनच फुलवाल्याला फोन लावला. "सजावट नको," त्या म्हणाल्या. "हार तेवढा पाठवा. रोज एक."